अकरावीचे पेढे

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



दहावीच्या निकालाचे पेढे आपल्याकडे वाटले जातात, बारावीचेही वाटले जातात. चौकात फ्लेक्स लागतो, त्यावर गुणवंताच्या एका फोटोभोवती गल्लीतल्या दहा पुढाऱ्यांचे फोटो असतात. पण अकरावीच्या निकालाचे पेढे कुणी वाटल्याचं तुम्ही ऐकलंय? मी तरी ऐकलेलं नाही. हा निकाल लागतो कधी, हेही पुष्कळ घरांत ठाऊक नसतं. उन्हाळ्यात कधीतरी कॉलेजच्या नोटीस बोर्डावर यादी लागते. मुलगा घरी येऊन सांगतो, "पास झालो." आई म्हणते, "बरं झालं, हातपाय धू अन् जेवायला बस." झाला निकाल!

मी शिक्षणतज्ज्ञ नाही. साधा बी.ए. झालेला, नगरपालिकेत कारकुनी केलेला माणूस आहे आणि मराठीत कविता लिहितो. तेव्हा फिजिक्स, केमिस्ट्री आणि डेंटल कॉलेजच्या गोष्टी या माणसानं कशाला सांगाव्यात, असं तुम्हाला वाटेल. पण योग असा आला, की आमच्या घरातल्या एका मुलीचं कॉलेजचं पहिलं वर्ष पार कोलमडलं आणि ते सावरताना तिला माझी जी काही मदत झाली, ती माझ्या कवितेच्या धंद्याचीच झाली. म्हणजे शब्दांची. ती हकिकत आज सांगतो.

ही माझ्या बहिणीची मुलगी, माझी भाची. आमचं गाव धाराशिव जिल्ह्यातलं, तालुक्याचं. तिचे वडील, आमचे दुल्हेभाई, एसटीच्या डेपोत मेकॅनिक. घरात आम्ही दखनी बोलतो, शाळा मात्र सगळ्यांची मराठी. भाचीला २०१६ साली दहावीला ९१ टक्के मिळाले. पेढे वाटले गेले, हे सांगायला नकोच. तिला दातांचं डॉक्टर व्हायचं होतं. लोकांना याचं नवल वाटे. "डॉक्टर व्हायचं ते पुरतं तरी हो, नुसती दातांची कशाला?" असं विचारणारेही भेटले. पण तिच्या मनात ते लहानपणापासून होतं आणि त्याला कारण माझी आई, म्हणजे तिची नानी.

आमच्या अम्मांनी आयुष्यभर मिश्री लावली. आपल्या भागातल्या कितीतरी बायका लावतात, त्यात जातधर्माचा काही भेद नाही. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, तिची पूड करायची आणि सकाळी ती बोटानं हिरड्यांवर घासायची. दात स्वच्छ होतात असं म्हणायचं; खरं तर तल्लफ असते ती. मिश्रीनं हिरड्या खराब होतात, तोंडाच्या कॅन्सरचा धोका वाढतो, हे आज कुठलाही डॉक्टर सांगेल. अम्मांचे दात पंचावन्नाव्या वर्षीच गेले. मग बाजारच्या दिवशी पेटी घेऊन बसणाऱ्या एका माणसाकडून कवळी करून घेतली. ती कधी नीट बसलीच नाही. अम्मा ती पाण्याच्या पेल्यात ठेवायच्या आणि फक्त लग्नाकार्याला लावायच्या. भाची लहानपणी त्या पेल्यासमोर बसून राहायची. "नानीला जेवताना दुखणार नाहीत असे दात मी करीन," असं ती तेव्हापासून म्हणायची.

तर दहावीनंतर मुलगी लातूरला गेली. मराठवाड्यातल्या माणसाला लातूर म्हणजे काय, हे सांगावं लागत नाही. दुल्हेभाईंनी पतपेढीचं कर्ज काढलं. हॉस्टेल झालं, मेस झाली, कॉलेज झालं, खाजगी क्लासही झाला. जून ते दिवाळी तिचे फोन यायचे ते रडवेले. दिवाळीनंतर फोनच कमी झाले. क्लासमध्ये दर रविवारी टेस्ट व्हायची आणि सोमवारी भिंतीवर नंबरवारीची यादी लागायची. यादीवरून बॅच ठरायची. पुढच्या बॅचला चांगले सर, मागच्या बॅचला जो मोकळा असेल तो. आजारी माणसाला औषध कमी आणि धडधाकट माणसाला जास्त, असा हा हिशोब मला कधी समजला नाही. जानेवारीपर्यंत आमची मुलगी सगळ्यांत मागच्या बॅचमध्ये जाऊन बसली होती.

आणि तरी ती अकरावी पास झाली! गंमत इथंच आहे. फिजिक्सच्या लेखी पेपरात ७० पैकी १६, केमिस्ट्रीत २१, बायोलॉजीत ३४. पण ३० मार्कांच्या प्रॅक्टिकलमध्ये प्रत्येकी पंचवीस-सव्वीस. बेरीज केली की पस्तिसाच्या वर. एकूण ४८ टक्के, शेरा 'पास'. दहावीच्या ९१ वरून ४८ वर आलेली मुलगी आणि कागदावर सगळं ठीकठाक. दुल्हेभाई तिला म्हणाले, "पास हुई ना? फिर रोती कायकू?" तिनं मग लेखीचे मार्क वेगळे काढून दाखवले, तेव्हा ते गप्प झाले.

आता इथं एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. आमच्या गावातल्या एका कुटुंबातली मुलगी अमेरिकेत शिकते, तिलाही दंतवैद्यच व्हायचं आहे. तिकडं आधी कॉलेजची चार वर्षं करतात आणि मग डेंटलला अर्ज करतात. त्या अर्जात कॉलेजच्या पहिल्या वर्षापासूनचे सगळे मार्क द्यावे लागतात. एखादा विषय बिघडला आणि पुन्हा दिला, तरी आधीचे मार्क पुसले जात नाहीत. सरासरी काढताना दोन्ही वेळचे धरतात. म्हणजे पहिल्या वर्षाचा डाग शेवटपर्यंत सोबत येतो. आपल्याकडं तसं नाही. बी.डी.एस.च्या प्रवेशाला अकरावीचे मार्क धरतच नाहीत. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून खुल्या वर्गाला ५० टक्के, राखीव वर्गाला ४० टक्के लागतात आणि पुढची सगळी यादी नीटच्या मार्कांवर लागते.

हे ऐकून पालकांना हायसं वाटतं. अकरावीचे मार्क कुणी विचारत नाही म्हणजे अकरावी आरामाची, दहावीच्या धावपळीनंतरची विश्रांती, असं ते म्हणतात. पण अहो, मार्क पुसले गेले म्हणून वर्ष पुसलं जातं का? नीटचा पेपर अकरावी आणि बारावी दोन्हींवर असतो. ढोबळमानानं निम्मे प्रश्न अकरावीचे. गती, बल, उष्णता, लहरी हे सगळं अकरावीचं. मोलची संकल्पना, अणूची रचना, रासायनिक बंध अकरावीचे. पेशी, वनस्पतींचं आणि प्राण्यांचं वर्गीकरण अकरावीचं. नीटचा पेपर बेतलेला असतो एनसीईआरटीच्या पुस्तकांवर, आणि तिच्या अकरावीतले काही धडे तेव्हा आपल्या बोर्डात बारावीला येत, तो गोंधळ आणखी वेगळा. अमेरिकेतल्या मुलीचा डाग कागदावर राहतो, आपल्या मुलांचा डोक्यात राहतो. कागदावरचा निदान दिसतो तरी.

घरात मे महिन्यात वादळ झालं. दुल्हेभाई वाईट माणूस नव्हे. पण कर्जाचा हप्ता दरमहा पगारातून कापला जात होता आणि मुलगी मागच्या बॅचमध्ये होती. त्यातच त्यांच्या एका चुलतभावानं स्थळ आणलं. मुलाचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान, घरचं बरं. "आर्ट्सला घालू, इथंच शिकेल. लग्नानंतरही शिकता येतं," असं बोलणं सुरू झालं. आमची आपा एरवी नवऱ्यापुढं बोलणारी बाई नाही. त्या दिवशी मात्र ती म्हणाली, "पोरगी आजारी पडली तर आधी डॉक्टरला दाखवता ना? का लगेच कफन शिवायला टाकता?" मी तिथंच बसलो होतो. मला वाटलं, कवी मी नाही, कवी ही आहे.

बारावीची फी भरायला महिनाभर अवकाश होता. तेवढा महिना द्या, असं मी दुल्हेभाईंना म्हणालो आणि भाचीकडं तिचे पेपर मागितले. वार्षिक परीक्षेच्या उत्तरपत्रिका कॉलेज परत देत नाही. पण वर्षभरातल्या टेस्टचे पेपर तिनं ट्रंकेच्या तळाशी, कपड्यांखाली ठेवले होते. एकतीस पेपर निघाले. ते घेऊन आम्ही दोघं ओट्यावर बसलो. मला त्यातलं विज्ञान कळत नव्हतं. मी फक्त एकच विचारत होतो, "हे चुकलं ते का चुकलं?" आणि ती सांगेल त्याप्रमाणे खुणा करत होतो. प्रश्नच कळला नाही, त्याला एक खूण. प्रश्न कळला पण उत्तर येत नव्हतं, त्याला दुसरी. उत्तर येत होतं पण गणितात आकडेमोड अडली, त्याला तिसरी. दोन दिवस हे चाललं. तुम्हाला वाटेल, सगळ्यांत जास्त खुणा दुसऱ्या असतील. नव्हत्या. सगळ्यांत जास्त होत्या पहिल्या.

एक उदाहरण सांगतो. फिजिक्सच्या पहिल्याच टेस्टमध्ये प्रश्न होता तो एका दोन किलो वजनाच्या 'बॉडी'बद्दल, आणि ती बॉडी 'ॲट रेस्ट' होती. आपल्याकडं बॉडी हा शब्द कधी ऐकू येतो? अपघात झाला, बॉडी सिव्हिल हॉस्पिटलला नेली. पोरगी मला म्हणाली, "मामू, मला कळेना, हे दोन किलोचं प्रेत कुणाचं, अन् ते विश्रांती कसली घेतंय!" आम्ही दोघं हसलो. पण वर्गात एकशेवीस मुलांमध्ये बसून हे कुणाला विचारणार? तिला जडत्व माहीत होतं, त्वरण माहीत होतं, संवेग माहीत होता. दहावीपर्यंत तिनं हे सगळं मराठीत उत्तम शिकलं होतं. तेच इंग्रजी कपडे घालून समोर आलं आणि तिनं ते ओळखलंच नाही. हरितलवक, तंतुकणिका, परासरण, आम्लारी... काय सुरेख शब्द आहेत हो हे! हे शब्द डोक्यात घेऊन मुलं अकरावीच्या वर्गात जातात आणि पहिल्याच तासाला कळतं, की इथं हे नाणं चालत नाही. ज्या शाळांत सेमी-इंग्लिश असतं तिथल्या मुलांना हा धक्का थोडा कमी बसतो. तिची शाळा तशी नव्हती.

मग आम्ही वही घातली. दोनशे पानी, तीन रकाने. पहिल्यात इंग्रजी शब्द, दुसऱ्यात शाळेतला मराठी शब्द, तिसऱ्यात तिनं स्वतःच्या बोलीत केलेलं वाक्य. तिसरा रकाना माझा हट्ट होता. शब्दाला शब्द जोडला की पाठांतर होतं. वाक्य केलं की शब्द आपला होतो. इनर्शियासमोर तिनं लिहिलं, 'ड्रायव्हरनं एसटी एकदम काढली की उभा माणूस मागं पडतो.' काही शब्द फार लबाड निघाले. सेल म्हणजे बायोलॉजीत पेशी आणि फिजिक्समध्ये विजेचा घट. सोल्यूशन म्हणजे केमिस्ट्रीत द्रावण आणि गणितात उत्तर. ऑर्डर म्हणजे हुकूम नव्हे, वर्गीकरणातला गण. नॉर्मल म्हणजे फिजिक्समध्ये लंब, त्यात नॉर्मल काही नाही. आणि सगळ्यांत जास्त घात केला तो छोट्या शब्दांनी. एक्सेप्ट, अनलेस, रिस्पेक्टिव्हली, इनकरेक्ट. चारपैकी चुकीचं विधान कोणतं, असं विचारलेलं असायचं आणि ही पहिलं बरोबर विधान दिसलं की खूण करून मोकळी. विज्ञानाच्या पुस्तकात या शब्दांचा अर्थ कुठंच दिलेला नसतो. महिन्याभरात सहाशेच्या वर शब्द झाले.

आणि एक दिवस दुल्हेभाई ड्यूटीवरून आले. आम्ही टॉर्क या शब्दाशी झटापट करत होतो. तिसऱ्या रकान्यात काय लिहावं ते सुचत नव्हतं. त्यांनी हात धुता धुता ऐकलं आणि म्हणाले, "टॉर्क? चाकाचा नट निघेना तर आपण पान्याला पाइप लावून दांडा लांब करतो की नाही? ताकद तेवढीच, पण नट निघतो. तोच टॉर्क." मुलगी बापाकडं बघत राहिली. त्यांनी मग पाना आणला, पाइप आणला, आणि अंगणात पडलेल्या एका जुन्या चाकावर अर्धा तास फिजिक्सचा तास झाला. त्या वर्षातला तिचा सगळ्यांत चांगला तास तो, असं ती आजही सांगते. स्थळाचा विषय त्यानंतर आमच्या घरात निघाला नाही. कुणी ठराव केला नाही, फक्त निघाला नाही.

गणिताची तिसरी खूण राहिली होती. बायोलॉजी घेणारी बरीच मुलं अकरावीला गणित सोडतात, तिनंही सोडलं होतं. पण फिजिक्स गणिताला सोडत नाही. सदिश आले, साइन-कोसाइन आले, लॉगॅरिथम आले. आमच्या हायस्कूलमधून निवृत्त झालेले एक गणिताचे गुरुजी गल्लीच्या टोकाला राहतात. त्यांनी तिला नववीच्या पुस्तकापासून सुरुवात करायला लावली. बारावीत चाललेल्या मुलीला नववीचं पुस्तक घेऊन गल्लीतून जायला लाज वाटायची, म्हणून ती ते ओढणीत गुंडाळून न्यायची. वीस दिवस गेली. गुरुजींनी फी घेतली नाही, रोज एक पेरू मात्र मागून घेतला. आमच्या दारात झाड आहे.

आता तुम्ही म्हणाल, यानंतर ती पहिली आली असेल. तसं काही झालं नाही. बारावीचं वर्ष बारावीतच गेलं. अकरावीची डागडुजी मागं मागं पडत राहिली. २०१८ ला बोर्डात ६८ टक्के मिळाले आणि त्या वर्षीच्या नीटमध्ये ७२० पैकी २३१. त्या वर्षी खुल्या वर्गासाठी पात्रतेची रेषा ११९ होती. निकालपत्रावर 'क्वालिफाइड' असं लिहून आलं आणि दुल्हेभाईंनी डेपोत पेढे वाटले. दोन दिवसांनी कळलं, की पात्र होणं वेगळं आणि प्रवेश मिळणं वेगळं. राज्यात तेव्हा सरकारी दंत महाविद्यालयं किती? मुंबई, नागपूर, औरंगाबाद आणि मुंबई महापालिकेचं नायर. २३१ वर त्यांच्या दारातही उभं राहता येत नव्हतं. खाजगी कॉलेजच्या फीचा आकडा ऐकून आपानं विषयच बंद केला. पालकांना माझं एवढंच सांगणं आहे, की निकालपत्रावरचा हा शब्द वाचून पेढ्याच्या दुकानात जाऊ नका, आधी मागच्या वर्षीच्या प्रवेशाच्या याद्या पाहा.

एक वर्ष थांबायचं ठरलं. लातूरला पुन्हा पाठवायला पैसे नव्हते आणि खरं सांगायचं तर तिलाच जायचं नव्हतं. आमच्या नगर वाचनालयात सकाळी सात वाजल्यापासून तिला एक टेबल मिळालं. वर्तमानपत्र वाचायला येणारे म्हातारे आणि ही. यावेळी तिनं बारावीला हात लावला नाही. जून ते ऑक्टोबर फक्त अकरावी. पाच महिने! ज्या वर्षाचे मार्क कुणी विचारत नाही, त्या वर्षाला पाच महिने. आधी बायोलॉजी, कारण १८० पैकी ९० प्रश्न त्याचे. २०२५ ची परीक्षाही १८० प्रश्नांची, ७२० मार्कांचीच होती, म्हणून हा हिशोब जुना झालेला नाही. मग केमिस्ट्री. फिजिक्स शेवटी, आणि त्यातलंही सगळं नाही.

त्याच सुमाराला माझ्या एका साहित्यिक मित्रानं मला छेडलं. नीट २०१७ पासून मराठीतूनही देता येते. "तू मराठीचा कवी, अन् भाचीला इंग्रजीतून पेपर द्यायला लावतोस?" प्रश्न टोचणारा होता. पण मराठीतल्या प्रश्नाबद्दल शंका आली तर इंग्रजी मजकूर प्रमाण मानतात आणि तिनं दोन वर्षं वाचलेली पुस्तकं इंग्रजी होती. पुस्तकं एका भाषेत आणि पेपर दुसऱ्या भाषेत, ही सोय म्हणजे पोहायला तळ्यात शिकवायचं आणि स्पर्धा नदीत घ्यायची. अकरावी-बारावीची विज्ञानाची चांगली पुस्तकं मराठीत झाली, तर मी स्वतः मराठीच्या पेपरासाठी मोर्चात पुढं असेन. तोपर्यंत वहीतला मधला रकाना मराठीचा, एवढं मला पुरे आहे.

दुसरी गोष्ट तिनं केली ती २०१८ च्या पेपराचा हिशोब. बरोबर उत्तराला चार मार्क मिळतात, चुकीला एक जातो. तेव्हा तिनं १७४ प्रश्न सोडवले होते. त्यातले ८१ बरोबर, ९३ चूक. म्हणजे ९३ मार्क तिनं स्वतःच्या हातानं परत केले होते! २०१९ च्या ५ मे रोजी तिनं १६ प्रश्न कोरे सोडले. उरलेल्या १६४ पैकी १३२ बरोबर आले, ३२ चुकले. एकूण ४९६. फिजिक्समध्ये १८० पैकी फक्त ८८, पण बायोलॉजीत ३६० पैकी २८८. जो विषय आपला होता तो तिनं पुरता आपला केला आणि जो नव्हता त्याच्याशी तह केला. तिसऱ्या फेरीत सरकारी दंत महाविद्यालयात नाव लागलं.

"एमबीबीएस थोडक्यात हुकलं म्हणा की," असं म्हणणारे पुष्कळ आले. दंतवैद्यक म्हणजे हुकलेल्यांची शाखा, हा आपल्याकडचा समज फार जुना आणि फार चुकीचा आहे. हिंदुस्थानात दातांचं शास्त्रशुद्ध शिक्षणच नव्हतं तेव्हा पूर्व बंगालातला रफीउद्दीन अहमद नावाचा तरुण अमेरिकेत आयोवाला गेला. १९१५ साली तिथं दंतवैद्यकाची पदवी घेतली, परत आला आणि १९२० साली कलकत्त्यात देशातलं पहिलं डेंटल कॉलेज काढलं. पैसे कुठून आणले? न्यूयॉर्क सोडा फाउंटन नावाचं शीतपेयांचं दुकान चालवून. दंतवैद्यकाच्या धंद्याला कायद्याची चौकट १९४८ साली मिळाली, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. १९६४ साली त्यांना पद्मभूषण मिळालं, आणि २४ डिसेंबर हा त्यांचा जन्मदिवस आपल्याकडं दंतवैद्यक दिन म्हणून पाळतात. ज्याला हुकलेल्यांची शाखा म्हणायचं असेल त्यानं सरबत विकून कॉलेज उभं करून दाखवावं.

बी.डी.एस.ला पुन्हा पहिलं वर्ष आलंच. पहिल्या वर्षाची धास्ती तिच्या मनातून गेलेली नव्हती. ॲनाटॉमीचे शब्द तर लॅटिनमधून आलेले. इंग्रजीवाल्या मुलांचीही तिथं बोबडी वळते. पण यावेळी पहिल्या आठवड्यातच तिचा फोन आला. "मामू, नवी वही घेतली. तीन रकाने." मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि मुलगी घरी आली. पहिल्या वर्षाला मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरायला शिकवतात. खालची दाढ, वरचा सुळा, एकेक उंचवटा, एकेक खाच मापात. ती अंगणात बसून कोरायची आणि दुल्हेभाई कोरायच्या हत्याराला धार लावून द्यायचे. त्यांना त्यात फार रस. "हे तर आमच्याच लाइनीचं काम आहे," म्हणायचे. कोरून झालेली दाढ तपासायला अम्मांकडं जायची. अम्मा ती चष्म्याजवळ धरून बघायच्या आणि म्हणायच्या, "मेरी ऐसीच थी. जरा बडी थी."

२०२५ मध्ये तिची इंटर्नशिप संपली. सध्या ती एका दवाखान्यात ज्येष्ठ डॉक्टरांच्या हाताखाली काम करते. अम्मांच्या नव्या कवळीचं माप तिनंच घेतलं. अम्मांनी मिश्री मात्र सोडलेली नाही, डबी लपवायची जागा तेवढी बदलली आहे.

ती पहिली वही वाचनालयात आहे. कपाटात नाही, त्याच टेबलावर. गेल्या जूनपासून अकरावीला गेलेली गावातली चार-पाच मुलं ती वापरतात. पानं सुटायला लागली म्हणून मी परवा झेरॉक्स काढायला नेली, तर शेवटच्या पानांवर अक्षर वेगळंच दिसलं. कुणीतरी पुढं शब्द लिहायला सुरुवात केली आहे. शेवटचा शब्द होता 'फ्रिक्शन'. मधल्या रकान्यात 'घर्षण'. तिसरा रकाना अजून रिकामा होता.